मक्यावरचं तणनाशक हरभऱ्याला कसं बाधलं?

प्रश्न : खरिपात मक्याच्या पेरणीनंतर ॲट्राझीन फवारलं होतं. मका काढून हरभरा पेरला. उगवण छान झाली, पण पंधरा-वीस दिवसांत रोपं कडेनं पिवळी पडून करपू लागली. शेजारी म्हणतात, जमीन जळाली, आता तीन वर्षं काही येणार नाही. खरं काय?
– एक वाचक, सिल्लोड

उत्तर : जमीन जळत नाही, तेव्हा आधी धीर धरा. पण संशय तणनाशकावरच जातो, आणि उगवण चांगली झाली म्हणूनच जातो. ॲट्राझीन बी मारत नाही. ते मुळांवाटे पानात चढतं आणि उन्हात अन्न तयार करण्याचं पानाचं काम बंद पाडतं. बियातली शिदोरी पुरते तोवर रोप तग धरतं. ती संपली की खालची पानं कडांपासून वाळतात. मर रोगात मात्र झाड मान टाकतं, आणि खोड उभं चिरलं तर आत तपकिरी-काळी रेघ दिसते. मका हेच औषध अंगात निकामी करतो. हरभऱ्याला ते जमत नाही.

चार महिन्यांनी ते उरलं कसं? ॲट्राझीन निम्मं व्हायला साधारण ६० दिवस लागतात, म्हणजे १२० दिवसांनीही पाव हिस्सा शिल्लक. तोही ओल असली तर, कारण ते खाणाऱ्या जिवाणूंना ओल लागते. पावसानं ताण दिला की त्यांचं काम थांबतं. शिवाय आम्ल मातीत ते लवकर विघटित होतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात सामू ८ च्या आसपास, तिथे रेंगाळतं.

आता शेतात एक चक्कर मारा. करपलेली रोपं पट्ट्यांत किंवा बांधालगत पंप वळतो तिथे जास्त आहेत का? असतील तर तिथे फवारा दोनदा पडला असणार.

पाणी भरून औषध धुऊन जाईल, ही आशा भारी जमिनीत धरू नका. नांगरट करून थर मिसळला की त्याचं प्रमाण विरळ होतं, ते जास्त उपयोगी.

खात्री हवी तर एका कुंडीत शेतातली आणि दुसरीत न फवारलेल्या बांधावरची माती घ्या. दोन्हींत हरभरा लावून तीन आठवडे उन्हातच ठेवा; सावलीत हे औषध आपला परिणाम नीट दाखवत नाही. शेतातल्या मातीतलीच रोपं करपली, तर त्या तुकड्यात पुढचं पीक ज्वारीचं घ्या. ज्वारीला ॲट्राझीन सोसतं.