वर्गातील गायन व एकेकाचा गळा

पूर्वी संगीताची तालीम गुरुगृही एकेका शिष्यास मिळे. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी दि. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापून, स्वरलेखन, क्रमिक पुस्तके व परीक्षा यांच्या साहाय्याने ही विद्या वर्गात आणली. वर्गात ती अनेकांस लाभते. परंतु समूहाच्या आवाजात एखाद्याचा बेसूर झाकला जातो. खासगी शिकवणीत तो तत्काळ ऐकू येतो.

पनवेल तालुक्यातील शिक्षकांनी दोहोंचा मेळ घालावा. कविता प्रथम सर्वांकडून, मग एकेका रांगेकडून म्हणवून घ्यावी व शेवटी रोज ४ मुलांस एकेकटे गाऊ द्यावे. ४० मुलांच्या वर्गात १० दिवसांत प्रत्येकाची पाळी येते. चुकणाऱ्यास स्वर पुन्हा ऐकवावा, हसू नये. एकदा गप्प बसविलेले मूल पुढे गाण्यास धजत नाही.