मातीतील कीटकनाशकांचे अवशेष : मोजमापाचा एक पाठ
(इयत्ता सातवी, सामान्य विज्ञान व गणित)

उद्देश : अमरावती व अकोला हे आपले कपाशीचे जिल्हे. पिकावर फवारलेल्या औषधाचा काही अंश जमिनीत उरतो; त्यासच अवशेष म्हणतात. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश आदी बारा गोष्टींची नोंद असते, अवशेषांची नसते. पत्रिका चांगली आली म्हणजे माती निर्विष ठरली, हा समज दूर करणे हे या पाठाचे प्रयोजन होय.

परिमाण : दहा क्विंटल, म्हणजे १०,००,००० ग्रॅम मातीत १ ग्रॅम औषध असल्यास ते दशलक्ष भागांत एक भाग होय. अवशेष इतक्या सूक्ष्म मापाने मोजतात. हे गणित विद्यार्थ्यांकडूनच फळ्यावर करवून घ्यावे.

काळ : डी.डी.टी.चा शेतीतील वापर आपल्या देशात १९८९ साली बंद झाला. तथापि हे द्रव्य मातीत वर्षानुवर्षे टिकते. ते निम्मे होण्यास १० वर्षे लागतात असे धरल्यास ८ ग्रॅमपैकी ३० वर्षांनी १ ग्रॅम उरेल, शून्य नव्हे. आपल्या काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण अशी द्रव्ये धरून ठेवतात.

परीक्षण : प्रयोगशाळेत तोललेल्या मातीतून द्रावकाच्या साह्याने अवशेष वेगळे काढतात व गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्राने ओळखून मोजतात. परंतु नमुनाच चुकीचा असेल, तर उत्तम यंत्राचे उत्तरही शेताविषयी खरे ठरत नाही.

कृती : शाळेच्या बागेत नागमोडी चालीने आठ-दहा जागा निवडाव्या. पालापाचोळा दूर करून १५ सेंटिमीटर खोल खड्ड्याच्या कडेची माती घ्यावी. जमिनीच्या भेगा टाळाव्या. त्यांत वरची माती खाली घसरलेली असते. सर्व माती मिसळून चार भाग करावे, समोरासमोरचे दोन टाकावे व अर्धा किलो उरेपर्यंत हीच क्रिया करावी. खऱ्या परीक्षणासाठी नमुना स्वच्छ काचेच्या बरणीत, उन्हापासून दूर ठेवून त्वरित पाठवितात.

सूचना : विद्यार्थ्यांना फवारलेल्या शेतात नेऊ नये, औषधाचे रिकामे डबे हाताळू देऊ नयेत. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे विसरता येत नाही.

प्रश्न :
१. फवारणीचा पंप धुण्याच्या जागेची माती नमुन्यात का घेऊ नये?
२. ५ क्विंटल मातीत १ ग्रॅम अवशेष असल्यास दशलक्ष भागांत किती भाग होतील?
३. घरची मृदा आरोग्य पत्रिका पाहून तीत कोणत्या गोष्टींची नोंद आहे, ते लिहून आणा.