जुन्या पोकलेनची मंद चाल : दोष कसा ओळखावा

वऱ्हाडांत उलंगवाडी झाली कीं शेतें मोकळीं होतात, आणि तेथून मृग लागेपर्यंत जे थोडे महिने मिळतात त्यांत तळीं खणणें, नाले खोल करणें व बांध घालणें हीं कामें उरकून घ्यावीं लागतात. पूर्णेच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाण पट्ट्यांत तर विहिरीचें पाणी खारें. म्हणून तेथें पावसाचें गोडें पाणी शेततळ्यांत धरून ठेवणें हाच पिकाचा मोठा आधार होय. हें खोदकाम पूर्वीं टिकाव-फावड्यानें होत असे. आतां तें बहुधा पोकलेन करतें.

पोकलेन हें मूळचें एका फ्रेंच कारखान्याचें नांव. 1927 सालीं जॉर्ज बाताय यांनीं काढलेला हा कारखाना आरंभीं शेतीचीं अवजारें करीत असे. पुढें त्यानें तेलाच्या दाबावर चालणारीं खोदाईचीं यंत्रें बाजारांत आणलीं, आणि त्याचें नांव आपल्याकडे अशा हरएक यंत्रास चिकटलें, मग तें कोणाही कारखानदाराचें असो.

आपल्या भागांत फिरणारीं पुष्कळशीं यंत्रें जुनीं, एक-दोन मालकांच्या हातांतून गेलेलीं असतात. त्यांचा मुख्य रोग म्हणजे मंदपणा. यंत्र बंद पडत नाहीं, काम करीत राहतें. पण हळू करतें. भाडें तासावर असल्यामुळें या मंदपणाचा दंड शेतकऱ्यास भरावा लागतो. हा दंड किती, तें हिशेबानेंच पाहूं.

2016 सालच्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेंतील मोठें माप 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद व 3 मीटर खोल असें होतें. बाजूंचा उतार एकास एक धरिला तर अशा तळ्यांतून 2,196 घनमीटर माती निघते. 0.9 घनमीटर मापाच्या बकेटांत, खणलेली माती फुगत असल्यामुळें, जागेवरची सुमारें 0.7 घनमीटर मातीच येते. अर्थात् सुमारें 3,140 फेऱ्या होतात. एक फेरी 20 सेकंदांत झाली तर काम साडेसतरा तासांचें. तीच फेरी 30 सेकंदांत झाली तर तें सव्वीस तासांवर जातें. केवळ दहा सेकंदांच्या मंदपणानें पावणेनऊ तासांचें भाडें वाढलें, आणि ताशीं 12 लिटर डिझेल धरिलें तरी शंभर लिटरांहून अधिक डिझेल जळालें. यास्तव यंत्राचा मालक असो वा भाड्यानें घेणारा असो, दोघांनींही हा रोग ओळखण्यास शिकलें पाहिजे.

मूळ तत्त्व

इंजिन पंप फिरवितें, पंप ऑईल ढकलतो, व्हॉल्व्ह त्यास वाट दाखवितात, आणि सिलिंडरांत शिरलेलें ऑईल दट्ट्यास ढकलतें. यांत दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. जोर येतो तो ऑईलच्या दाबामुळें. वेग येतो तो दर मिनिटास पोंचणाऱ्या ऑईलच्या प्रमाणामुळें. पाटानें ओलीत करणाऱ्यास हें सहज समजेल. पाट वाटेंत फुटला असला तर वाफा भरण्यास वेळ लागतो; मोटर मोठी आहे कीं नाहीं, हा प्रश्न नंतरचा. म्हणून यंत्र भारी ढेकूळ उचलतें, पण सावकाश उचलतें, असें दिसल्यास ऑईल कमी पोंचत आहे असें समजावें. ढेकळापुढें तें अडूनच बसत असेल तर दाब कमी आहे. दोन्ही लक्षणें एकत्रही असूं शकतात.

हा भेद न जाणतां पुष्कळ मिस्त्री यंत्र हळू झालें कीं रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळतात. रिलीफ व्हॉल्व्ह हा जास्तींत जास्त दाबाची मर्यादा ठरवितो. तो आवळल्यानें ऑईलचा पुरवठा वाढत नाहीं. उलट जुने होज पाईप फुटतात व पंपाचें आयुष्य घटतें. दाबमापक लावल्यावांचून या स्क्रूस हात लावूं नये.

परीक्षेचा क्रम

पहिलें काम मोजण्याचें. घड्याळ घेऊन रिकाम्या बकेटानें बूम पूर्ण उचलण्यास, आर्म आंत घेण्यास, बकेट वळविण्यास व यंत्र एक फेरा फिरण्यास किती सेकंद लागतात तें लिहून ठेवावें. सकाळीं ऑईल कोमट झाल्यावर एकदां व दुपारीं तापल्यावर पुन्हां, असें दोनदां मोजावें. कारखान्याच्या पुस्तकांत हे आंकडे दिलेले असतात. त्यांशीं ताडून पाहावें.

दुसरें, इंजिन पाहावें. भार येतांच इंजिनाचा आवाज बसत असेल व काळा धूर निघत असेल, तर हवेचा फिल्टर, डिझेलचा फिल्टर किंवा इंजिनच दोषी असूं शकतें. इंजिन मोकळेपणानें फिरत असूनही हात हळू चालत असतील, तर दोष ऑईलच्या बाजूस शोधावा.

तिसरें, ऑईल पाहावें. बकेट जमिनीवर टेकवून पातळी तपासावी. ऑईलला फेस येत असेल तर ओढ पाईपांतून हवा शिरत आहे. तें दुधाळ दिसत असेल तर पाणी मिसळलें आहे. परत येणाऱ्या ऑईलचा फिल्टर कापून पाहावा. त्यांत पितळेसारखे चकचकीत कण असतील तर पंपाची किंवा मोटरची झीज चालू आहे असें समजावें. टाकीतील ओढ जाळी तुंबली असेल तर पंप उपाशी राहतो व ओरडतो.

चवथें, उष्णता. 46 अंकाचें साधें खनिज ऑईल 40 अंशांवर जितकें दाट असतें, त्याचा जेमतेम चौथा हिस्सा दाटपणा 80 अंशांवर उरतो. पातळ ऑईल झिजलेल्या फटींतून सहज निसटतें. म्हणून सकाळीं चपळ व दुपारीं मंद हें लक्षण झीज व उष्णता या दोहोंकडे बोट दाखवितें. अकोल्यास वैशाखांत पारा 45 अंशांपलीकडे जातो. अशा हवेंत कूलर तुंबला असला तर ऑईल थंड व्हावें कसें?

पांचवें, सर्व अंगें मंद आहेत कीं एकच, हें ठरवावें. सर्वच मंद असतील तर पंप, ओढ जाळी किंवा पायलटचा दाब संशयास्पद होय. पायलट म्हणजे मुख्य व्हॉल्व्ह हलविणारें लहान दाबाचें ऑईल. त्याचा दाब बहुतेक यंत्रांत 30 ते 40 किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. तो उतरला तर व्हॉल्व्ह अर्धेच उघडतात, व पंप निरोगी असूनही यंत्र लंगडतें. नव्या धर्तीच्या यंत्रांत पंपाचें प्रमाण विजेच्या नियंत्रणानें ठरतें. तेथें सैल तार किंवा बिघडलेला सेन्सरही हाच परिणाम घडवितो.

बहुतेक यंत्रांत दोन मुख्य पंप असतात व डाव्या-उजव्या चेनला एकेक ऑईल पुरवितो. यास्तव सपाट जमिनीवर, दोन्ही चेनचा ताण सारखा करून, यंत्र सरळ चालवून पाहावें. तें एका बाजूस ओढत असेल तर त्या बाजूची चाल कमी आहे. मग दोन्ही पंपांचे पाईप आपसांत बदलावे. दोष दुसऱ्या बाजूस गेला तर पंप दोषी; जागेवरच राहिला तर पुढील व्हॉल्व्ह, मधला सांधा किंवा चेनची मोटर दोषी.

एकटा बूमच मंद असेल तर तो उंच करून इंजिन बंद करावें, दांड्यावर खडूनें खूण करावी व दहा मिनिटांनीं तो किती उतरला तें पाहावें. झपाट्यानें उतरत असेल तर सिलिंडराचें सील किंवा व्हॉल्व्ह गळत आहे. या वेळीं बूमखालीं कोणींही उभें राहूं नये.

शेवटीं पंपाची गळती मोजावी. पंपाच्या कवचांतून टाकीकडे जाणारा बारीक पाईप सोडून, नेमक्या फेऱ्यांवर व भारावर, एका मिनिटांत किती ऑईल येतें तें दोन्ही पंपांचें निरनिराळें मोजावें. ज्याची गळती पुस्तकांतील मर्यादेबाहेर असेल तो पंप उतरवावा. ही परीक्षा होण्यापूर्वीं नवा पंप विकत घेणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देणें होय.

एक उदाहरण

दर्यापूरकडील एका शिवारांत तळ्याचें काम अर्ध्यावर असतां भाड्याचें यंत्र दुपारीं मंद पडूं लागलें. सकाळीं 20 सेकंदांची फेरी दुपारीं 31 सेकंदांवर गेली. मिस्त्रीनें दोन्ही पंप बदलण्याचा सल्ला दिला. मालकाजवळ तेवढा पैसा नव्हता, आणि मृगास बावीस दिवस उरले होते. कूलर बाहेरून स्वच्छ दिसत होता. परंतु रेडिएटर व कूलर यांच्या मधल्या फटींत धूळ आणि कापसाचे तंतू यांचा जाड थर बसलेला सांपडला. तो आंतून बाहेर वारा मारून काढला, तेव्हां दुपारची फेरी 24 सेकंदांवर आली. तरीही यंत्र चालतांना डावीकडे ओढत होतें. गळती मोजली तेव्हां एका पंपाची दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक भरली. म्हणजे रोग दोन होते; मोठा खर्चाचा नव्हता आणि खर्चाचा अर्धाच होता. मालकानें तळें पुरें केलें व पावसाळ्यांत एकच पंप दुरुस्त करविला. तळें मृगापूर्वीं चार दिवस आधीं तयार झालें.

सावधगिरी

बारीक छिद्रांतून उडणारी ऑईलची धार कातडी भेदून शरीरांत शिरते. जखम टांचणीएवढी दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. म्हणून गळती हातानें चांचपूं नये. पुठ्ठा धरून पाहावी. कोणताही पाईप सोडण्यापूर्वीं बकेट जमिनीस टेकवावें, इंजिन बंद करावें, दांडे हलवून अडकलेला दाब सोडावा व टाकीतील हवा काढावी.

ज्यांस यंत्र भाड्यानें घ्यावयाचें आहे त्यांनीं शक्य तर करार तासांवर न करितां घनमीटरांवर करावा. मग मंदपणाचा दंड यंत्रवाल्यासच पडतो व तोच यंत्र नीट ठेवतो. तासावरच घ्यावें लागल्यास पहिल्या दिवशीं सकाळीं व दुपारीं दहा-दहा फेऱ्या घड्याळावर मोजाव्या, आणि आंकडे चालकासमोर वहींत लिहावे. पाव तासाच्या या श्रमानें पुढील कित्येक तासांचें भाडें वांचतें.