गॅस भरण्याआधी पंखा बघा

गाडी धावत असली की एसी गार, थांबली की गरम. गॅरेजवाल्याला मी पहिल्याच भेटीत एवढं सांगितलं होतं आणि बिघाडाचं अर्धं निदान त्यातच होतं. पेणहून निघून वडखळच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की चांगला गारवा यायचा. शनिवारी अलिबागच्या गाड्यांच्या रांगेत अडकलो, नाहीतर भिसे खिंडीत भरलेल्या ट्रकमागे दुसऱ्या गिअरवर चढायची वेळ आली, की थोड्याच वेळात जाळीतून कोमट वारा. मे महिन्यातली आपल्याकडची दमट हवा आणि शेजारी दम्याची आई. काच खाली करावी तर हायवेची धूळ. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं, तेव्हापासून ती धूळ आपण सगळेच खातोय.

गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. "गॅस संपलाय ताई, भरून देतो."

पेट्रोल जळतं म्हणून संपतं. एसीचा गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून पातळ होतो, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होते आणि तेव्हा तो आतली उष्णता ओढून घेतो. वर्षानुवर्षांत रबरी नळ्यांतून थोडासा झिरपतो, तेवढंच. एकदम कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणं. हे मी त्याला सांगितलं. त्यावर उत्तर काय, तर "साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." मी धाटावला कारखान्यात युटिलिटी सांभाळते. चिलर, कूलिंग टॉवर, प्रेशर गेज हे माझं रोजचं काम. तरीही साहेबांना पाठवा.

गॅस भरला तो वजन न करता. सिलिंडर लावला, काट्याकडे बघितलं आणि बास म्हणाला. सकाळच्या गारव्यात बरं वाटलं, दुपारी पुन्हा तेच. परत गेले तर अजून थोडा भरला आणि त्यानंतर हाल आणखी वाढले, कारण आता चालत्या गाडीतसुद्धा मधूनच गरम हवा यायला लागली. मग निकाल आला: कॉम्प्रेसर गेला, पंधरा-अठरा हजार लागतील. हा निकालही त्याने मला दिला नाही. माझ्या मिस्टरांना फोन लावून त्यांना ऐकवत होता आणि मी तिथेच उभी होते.

तो बोलत होता तेवढ्यात मी गाडीच्या तोंडाशी जाऊन वाकून बघितलं. इंजिन चालू, एसी चालू, गेज लावलेलं. माझ्या गाडीला पुढे दोन पंखे आहेत, एक रेडिएटरचा आणि एक कंडेन्सरचा. कंडेन्सरच्या पंख्याच्या पात्यात आंब्याचं एक वाळकं पान अडकलं होतं आणि ते पान जागचं हलत नव्हतं. जास्त दाबाच्या बाजूचा काटा तीनशे पीएसआयच्या वर चढत गेला, टक्‌ करून कॉम्प्रेसरचा क्लच सुटला, काटा उतरला, पुन्हा क्लच लागला, पुन्हा काटा वर. मला तिथल्या तिथे उलगडा झाला. गाडी धावते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सर गार करतो. थांबली की ते काम पंख्याचं, आणि पंखा बंद. उष्णता बाहेर पडत नाही, दाब वाढतो, कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी प्रेशर स्विच त्याला बंद करतो. त्यात याने गॅस जास्त भरून दाब आणखी वाढवला होता.

मी पंखा दाखवला. म्हणाला, "तो गरज लागली की फिरतो. तुमचं इंजिन तापतंय का? नाही ना? मग फॅन ठीक आहे." इंजिन तापत नव्हतं, कारण इंजिनाचा पंखा दुसरा! मी गाडी धुणाऱ्या मुलाला पाइपचं पाणी जाळीवर मारायला लावलं. बघता बघता काटा खाली आला, क्लच लागलेला राहिला आणि आत गार हवा सुरू झाली. सगळ्यांनी बघितलं. त्याने गेज काढलं, नळ्या गुंडाळल्या आणि म्हणाला, "मग गॅरेज तुम्हीच चालवा." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

रोह्याच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने फ्यूज बॉक्समधला पंख्याचा रिले काढून त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे बसवला. पंखा फिरला, म्हणजे रिलेच गेला होता. नवा रिले काहीशे रुपयांचा. जास्तीचा गॅस मशीनने काढून, व्हॅक्यूम करून, मोजून भरायला वेगळा खर्च आला.

तेव्हा गार हवा येत नसेल तर आधी स्वतः बघा. थांबल्यावरच गरम होत असेल तर इंजिन चालू ठेवून, एसी लावून पंखा बघा, पण हात लांब ठेवा, तो कधीही सुरू होतो. पंखा फिरत असेल तर कंडेन्सरची जाळी धुळीने बुजली आहे का ते बघा आणि साध्या पाण्याने धुवा. जोराचा फवारा मारलात तर जाळीची पाती वाकतात. सतत गरमच येत असेल तर एसीचं बटण दाबल्यावर क्लचचा टक्‌ आवाज येतो का ते ऐका. वाराच कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा, आपल्या रस्त्यांवर तो फार लवकर भरतो. गॅस गळत असेल तर बरोबर तेलही येतं, म्हणून सांध्यांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग शोधा.

गेजच्या बाबतीत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बंद, गार गाडीत तीस अंशाच्या आसपास आर-134ए गॅसचे दोन्ही काटे साधारण 95 ते 100 पीएसआयवर असतात. त्याहून फार खाली असतील तर गॅस खरंच कमी आहे. पण तेवढे दिसले म्हणून गॅस पुरेसा आहे असं ठरत नाही, कारण आत थोडासा पातळ गॅस शिल्लक असला तरी काटा तोच दाखवतो. म्हणून गॅस वजनावरच भरायचा. किती ग्राम ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

बाकी सर्व्हिसिंग वेळेवर करा, पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा एसी चालवा म्हणजे सीलना तेल मिळत राहतं. मोठा खर्च सांगितला तर दुसऱ्याला दाखवा. बाईमाणूस बघून कोणी तुमच्या नवऱ्याला फोन लावायला लागला तर किल्ली मागून घ्या आणि निघा.

भरलेल्या गॅसचे पैसे मी मागितले, मिळाले नाहीत. बिलावर नुसतं 'एसी गॅस' आणि रक्कम होती, त्यामुळे किती जास्त भरला हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. काढलेला गॅस किती ग्राम, भरलेला किती, गळती तपासली का, हे बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.