मोटारीतील वाटाड्या : फोन की स्वतंत्र यंत्र?

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आम्ही दोन मोटारींतून पुण्याहून ताम्हिणी घाटामार्गे माणगावजवळच्या एका खेड्याकडे निघालो होतो. पुढच्या गाडीत मी होतो. वाट दाखवायला माझा मोबाईल फोन होता. मागच्या गाडीत माझे मामा होते. त्यांच्यापाशी काचेला चिकटवायचे जुने जीपीएस यंत्र होते. घाट उतरून खेड्याच्या वाटेला लागलो, तो ओढ्यावरची फरशी पाण्याखाली गेलेली! दुसरी वाट शोधणे भाग होते. फोनची रेंज केव्हाच गेली होती. पडद्यावर आमची जागा दाखविणारा निळा ठिपका तेवढा होता, भोवती सगळी कोरी पाटी. मामांच्या यंत्रात नकाशा स्वच्छ दिसत होता. पण ते आम्हांला पुन्हा पुन्हा त्या बुडालेल्या फरशीकडेच नेऊ पाही. वरच्या अंगाला झालेला नवा पूल त्याला ठाऊकच नव्हता! अखेर एका चहावाल्याने तो पूल दाखविला आणि अंधार पडण्यापूर्वी आम्ही घरी पोहोचलो.

दोन वाटाडे जवळ असूनही आम्ही अडलो. पण दोघे वेगवेगळ्या कारणांनी अडले होते. ती कारणे समजली म्हणजे मोटारीत फोन वापरावा की स्वतंत्र यंत्र, या प्रश्नाचे उत्तर सोपे होईल.

कोणत्याही वाटाड्याला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. मी कोठे आहे? येथून रस्ते कसे जातात? आणि त्या रस्त्यांवर आज काय परिस्थिती आहे? आपण एकेक प्रश्न घेऊ.

मी कोठे आहे?

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत किती सेकंद लागले ते तुम्ही मोजले असेल. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून ३ सेकंद लागले, तर वीज सुमारे १ किलोमीटरवर चमकली असे आपण म्हणतो. जीपीएसचे तत्त्वही असेच आहे. मात्र तेथे ध्वनीऐवजी रेडिओलहरी असतात आणि त्या सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात.

अमेरिकेने उभारलेल्या या योजनेचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला आणि १९९५ साली ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. तिचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांत अत्यंत अचूक अशी अणुघड्याळे असतात. ‘आता अमुक वेळ झाली आहे आणि मी अमुक ठिकाणी आहे’ असा संदेश प्रत्येक उपग्रह सतत पाठवीत असतो. उपग्रह अगदी डोक्यावर असेल, तर त्या संदेशाला आपल्यापर्यंत यायला सुमारे ०.०६७ सेकंद लागतो. भागाकार करून ताळा पाहा! वेळ मोजण्यात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते.

तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की आपली जागा ठरते. पण फोनमधील किंवा यंत्रातील घड्याळ साधे असते. त्याची चूकही शोधावी लागते. म्हणून चौथा उपग्रह लागतो. चार अज्ञात राशी, तर चार समीकरणे. हा तर तुमच्या बीजगणिताचाच नियम.

आता महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. फोन काय किंवा स्वतंत्र यंत्र काय, दोघेही उपग्रहांचे फक्त ऐकतात. त्यांना काही कळवीत नाहीत. घरातला रेडिओ आकाशवाणीला काही कळवितो का? तसेच हे. त्यामुळे जागा शोधण्यासाठी मोबाईलच्या मनोऱ्याची गरज नसते. रेंज गेली तरी माझा निळा ठिपका योग्य जागी होता तो यामुळेच.

फरक पडतो तो सुरुवातीला. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती फार सावकाश, सेकंदाला केवळ ५० ‘बिट’ या गतीने सांगतो. ती माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगितली जाते. कपाटात महिनोन् महिने पडून राहिलेले यंत्र चालू केले, तर ते सारे ऐकून घ्यायला त्याला वेळ लागतो. फोन तीच माहिती नेटवर्कवरून चटकन मिळवतो, म्हणून तो लवकर तयार होतो. बोगद्यात मात्र दोघांनाही उपग्रह ऐकू येत नाहीत. मग आधीच्या वेगावरून ते अंदाजाने ठिपका पुढे सरकवितात.

रस्ते कसे जातात?

उपग्रह आपल्याला नकाशा देत नाहीत. ही समजूत अनेकांची असते, पण ती चुकीची आहे. नकाशा वेगळाच मिळवावा लागतो. स्वतंत्र यंत्रात तो आधीच साठविलेला असतो, म्हणून घाटात असो की रानात, तो हजर असतो. पण तो नवा करून घेतला नाही, तर जुनाच राहतो. मामांचा पूल हरवला तो येथे!

फोन आपल्याला लागेल तसा नकाशा नेटवर्कवरून मागवितो. त्यामुळे तो बहुधा ताजा असतो. निघताना ठरविलेला मार्ग फोनच्या स्मरणात राहतो, म्हणून रेंज गेली तरी त्या मार्गावर तो वाट दाखवीत राहतो. वाट सोडली, की मात्र पंचाईत! नवा मार्ग काढायला त्याच्याजवळ नकाशाच नसतो. यावर उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी घरीच त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. मी ते केले नव्हते. चूक फोनची नव्हती, माझी होती.

आज रस्त्यावर काय आहे?

वाहतूक तुंबली की फोनवर रस्ता लाल दिसतो. हे कसे कळते? त्या रस्त्यावरील असंख्य फोन आपापली जागा व वेग नेटवर्कवरून कळवीत असतात. सगळेच हळू चालले असतील, तर तेथे कोंडी आहे असे अनुमान निघते. शहरात ही सोय मोठी आहे. ज्या यंत्राला नेटवर्क नाही, त्याला हे जमत नाही.

पण येथे एक धोका आहे. जेथे रेंज नाही किंवा गाड्याच थोड्या, तेथून माहिती येणार कशी? अशा रस्त्यावर लाल रंग दिसला नाही, याचा अर्थ रस्ता मोकळा आहे असा नव्हे. कोणी काही कळविलेले नाही, एवढाच. दरड कोसळलेली असेल, पूल पाण्याखाली असेल, तरी पडदा गप्पच राहील.

मग निवड कशी करावी?

शहरात आणि हमरस्त्यावर फोन सरस ठरतो. आडवाटेच्या लांब प्रवासात साठविलेला नकाशा हवाच. तो यंत्रातला असो की फोनमध्ये उतरविलेला. फोनला आणखी एक अडचण आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात काचेमागे उन्हात ठेवलेला फोन पडदा चालू, चार्जिंग चालू अशा स्थितीत इतका तापतो, की तो पडदा मंद करतो किंवा चार्जिंग थांबवितो. मोटारीसाठीच बनविलेले यंत्र उष्णता अधिक सोसते. शिवाय मध्येच फोन वाजला, की चालकाचे लक्ष विचलित होते ते वेगळेच. ज्याच्याकडे चांगला फोन आहे, त्याने सहसा दुसरे यंत्र विकत घेण्याचे कारण नाही. जो सतत दूर रानावनांतून हिंडतो, त्याला ते जरूर उपयोगी पडेल. कोणताही वाटाडा घ्या, पत्ता गाडी थांबवूनच भरावा.

करून पाहा

घरच्यांची परवानगी घेऊन तुमच्या गावाचा नकाशा फोनमध्ये उतरवा. मग फोन ‘विमान’ स्थितीत ठेवा. म्हणजे मनोऱ्यांशी त्याचा संबंध तुटेल. आता मोकळ्या मैदानात चालून पाहा. ठिपका तुमच्याबरोबर चालतो का? नंतर स्लॅबच्या घरात अगदी आतल्या खोलीत जा. ठिपका कसा वागतो? असे का होते, याचे कारण वर दिलेल्या माहितीवरून शोधून वहीत लिहा.

आणि पुढच्या पावसाळ्यात घाटात जाल, तेव्हा दोन गोष्टी विसरू नका : घरून उतरवून घेतलेला नकाशा, आणि वाटेत गाडी थांबवून चहावाल्याला विचारण्याची सवय. पूल पाण्याखाली आहे की नाही, हे उपग्रहाला दिसत नाही, त्याला दिसते.