पाण्यावर चालणारी सर्किट बोर्डची मशीन : विकणाऱ्याला आधी काय विचारायचं?



प्रभाग संघाच्या मागच्या बैठकीत एक एजंट येऊन गेले, ते आठवत असेल. ज्या नव्हत्या त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जुना टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाइल उघडला की आत बारीक सोनेरी रेघांची हिरवी पाटी दिसते. तो सर्किट बोर्ड. या पाट्या एका बाजूने मशीनमध्ये टाकायच्या. मशीन त्यांचा चुरा करते, पाण्याने धुते आणि दुसऱ्या बाजूने तांब्याची चकचकीत पूड बाहेर पडते. "धूर नाही, धूळ नाही, ॲसिड नाही, नुसतं पाणी! महिलांसाठी एकदम सेफ." व्हिडिओ पण दाखवला. कच्चा माल आम्हीच देऊ, तांबं आम्हीच उचलू, गटाने फक्त आगाऊ रक्कम भरायची, बाकी बँक बघेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

मशीनची किंमत ऐकल्यावर मी मनातल्या मनात हिशेब केला. आपल्या तीन ग्रामसंघांचा निधी एकत्र केला तरी पुरला नसता. तरी चार-पाच गटांनी हात वर केले, आणि मला त्यांचं चुकलं असं म्हणायचं नाही. शिलाई, पापड, मसाले यांत आता दर दुसरा गट आहे, नवीन काहीतरी हवंच आहे. पण "माल आम्ही देऊ, माल आम्हीच घेऊ" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. माझ्या आईच्या गटाने असंच ऐकून द्रोण-पत्रावळीची मशीन घेतली होती. दोन महिने माल उचलला, तिसऱ्या महिन्यात फोन बंद. मशीन आजही आमच्या गोठ्यात ताडपत्रीखाली आहे. कर्ज मात्र बायकांनी भाजी विकून फेडलं.

म्हणून या अंकात आपण ही मशीन नीट समजून घेऊ. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती काय करते आणि काय करत नाही, हे कळलं की विकणाऱ्याला कोणते प्रश्न विचारायचे ते आपोआप सुचतं.

आधी बोर्डात काय असतं ते बघू. पाटी बनते काचेच्या तंतूंची आणि राळेसारख्या चिकट रसायनाची. ती पेटू नये म्हणून तिच्यात ब्रोमीन असलेली रसायनं घालतात. वर तांब्याच्या रेघा. सुटे भाग चिकटवायला कथिलाचा डाग, आणि जुन्या बोर्डांत त्या डागात शिसं असतं. आपल्याकडे नव्या वस्तूंतल्या शिशावर मर्यादा आली ती २०१४ च्या मे महिन्यापासून, त्यामुळे भंगारात येणारा जुना माल बहुतेक शिशाचाच समजायचा. सोनं असतं, पण टोकांवर आणि चिपमध्ये, अगदी पातळ थरात. तांबं मात्र भरपूर, साधारण शंभर किलो बोर्डांत वीस किलोच्या आसपास. बोर्ड कोणता आहे त्यावर ते कमी-जास्त होतं.

आता मशीन. तिचं तत्त्व तुम्हाला शिकवायची गरजच नाही. आपण गहू रोळतो तेव्हा काय होतं? पाण्यात हलवलं की जड खडे तळाशी, हलकं फोल वर. तांबं पाण्याच्या जवळजवळ नऊ पट जड, आणि काच-राळेचा चुरा जेमतेम दुप्पट. मशीनमध्ये आधी दात असलेले दोन रूळ बोर्ड फाडतात, मग आतले हातोडे त्याचा रवा करतात. हा रवा एका तिरक्या, बारीक पट्ट्या असलेल्या टेबलावर सोडतात. टेबल आडवं हिसके देत हलतं, वरून पाण्याचा पातळ पडदा वाहतो. जड तांबं पट्ट्यांच्या आधाराने एका टोकाला सरकत जातं, हलका चुरा पाण्याबरोबर खाली वाहून जातो. खाणीतल्या खनिजासाठी हीच टेबलं कितीतरी वर्षांपासून वापरतात. आणि आपल्या सराफ कट्ट्याबाहेरचे झारेकरी पहाटे गटारातला गाळ घमेल्यात घोळवून सोन्याचे कण काढतात, तेही हेच. त्यांचं यंत्र म्हणजे हात, एवढाच फरक.

दुसरी पद्धत कोरडी. तिच्यात पाण्याऐवजी हवा आणि स्थिर वीज वापरून तांबं वेगळं करतात. केसांत फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसंच काहीसं. त्यात धूळ उडते, म्हणून धूळ ओढून घेणारी मोठी यंत्रणा लागते. पाण्याच्या मशीनमध्ये तो त्रास कमी, हे एजंटचं म्हणणं खरं आहे. पण पाणी कुठे सुरू होतं ते विचारा. काही मशीनमध्ये फक्त टेबलावर पाणी असतं, चुरा करताना सगळं कोरडंच. मग काचेचे तंतू आणि शिशाची धूळ चुऱ्याच्या तोंडाशीच उडणार, आणि तिथे बोर्ड टाकायला उभी कोण असणार? आपणच.

या सगळ्याचा खरा पाठ मला एका ताईंनी शिकवला. आम्ही तिघी एका परवाना असलेल्या कारखान्यात मशीन बघायला गेलो होतो. मी वही काढून क्षमता, हॉर्सपॉवर लिहीत बसले होते. या ताई शाळेत फार गेलेल्या नाहीत. त्या मशीनभोवती एक चक्कर मारून आल्या आणि त्यांनी एकच विचारलं, "हे पाणी जातं कुठं?" तिथले सुपरवायझर हसले आणि आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे तीन टाक्या होत्या, काळपट हिरवं पाणी होतं, गाळ दाबून वडी करणारं यंत्र होतं, आणि ओल्या राखाडी भुकटीच्या गोण्यांची छपरापर्यंत थप्पी. व्हिडिओत यातलं काहीच नव्हतं.

हिशेब बघा. शंभर किलोतून तांबं वीस-बावीस किलो धरलं, तर उरलेला बराचसा माल म्हणजे ती राखाडी भुकटी. तांब्याला गिऱ्हाईक आहे, भुकटीला सहजासहजी नाही. ती शेतात टाकता येत नाही, नाल्यात सोडता येत नाही, आणि जाळायची तर अजिबातच नाही. ती परवानगी असलेल्या ठिकाणीच पाठवावी लागते. आपल्या राज्यात घातक कचऱ्याच्या अशा जागा तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा मोजक्याच ठिकाणी आहेत. गाडीभाडं आपलं, तिथलं शुल्कही आपलं. विक्रेत्याच्या नफ्याच्या कागदात ही ओळ आहे का, ते आधी शोधा. पाण्याचंही तेच. "पाणी फिरवून वापरतो" असं सगळेच सांगतात. किती दिवसांनी बदलतो, बदललेलं कुठे सोडतो, आणि तळाचा गाळ किती निघतो, हे लेखी मागा.

उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादची गोष्ट सांगते. पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात घरोघरी बोर्ड जाळून, राख धुऊन धातू काढायचे. धुणं रामगंगा नदीच्या काठावर. त्या काळ्या राखेचे ढीग नदीकाठी साचले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. धुण्याचं काम तेच, पाणी तेच, फक्त टाकी आणि गाळणी नव्हती. चीनमधल्या ग्वेयू गावातही घरगुती धंदा असाच चालायचा. तिथल्या १ ते ६ वर्षांच्या १६५ मुलांचं रक्त तपासलं, तो अभ्यास २००७ साली छापून आला. दर डेसिलिटरला सरासरी १५.३ मायक्रोग्रॅम शिसं निघालं. शेजारच्या, हे काम नसलेल्या गावातल्या मुलांत ते ९.९ होतं. शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि गरोदर बाईकडून बाळाकडे जातं. कामाची साडी तशीच घरी नेली तर त्या साडीवरूनही जातं.

एक घोटाळा आणखी. "पाण्याची पद्धत" हा शब्द विकणारे दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. एक ही, धुऊन वेगळं करायची. दुसरी म्हणजे ॲसिडच्या किंवा सायनाइडच्या पाण्यात बोर्ड बुडवून सोनं विरघळवायची. व्हिडिओत सोन्याचा गोळा दाखवला असेल तर सरळ विचारा, "हे या टेबलातून निघालं का?" टेबलातून सोन्याचा गोळा कधी निघत नाही. सोनं तांब्याच्या भुकटीत मिसळलेलं राहतं, आणि बारीक कण तर पाण्याबरोबर वाहूनही जातात. ते काढायला वेगळा, धोक्याचा आणि वेगळ्या परवानगीचा कारखाना लागतो. बेल्जियममध्ये होबोकेनला युमिकोरचा असा मोठा कारखाना आहे, त्याच्याकडे जगभरातून बोर्ड जातात. आपल्या शेडमध्ये बादलीत ॲसिड घेऊन हे करायचा विचारही नको.

आता विकणारे कोण ते पाहू. या मशीन बनवणारे बरेच कारखाने चीनमध्ये आहेत, विशेषतः हनान प्रांतात झेंगझोउ शहराच्या आसपास. आपल्याकडे काही जण त्या आयात करून विकतात, काही जण इथेच बनवतात, आणि काही जण, आपल्याकडे आले तसे, नुसते कमिशनवर फिरतात. कमिशनवाला वाईटच असतो असं नाही, पण मशीन बंद पडल्यावर येणार कोण हे त्याच्या तोंडून नाही, कंपनीच्या लेटरहेडवर हवं. काचेच्या तंतूंमुळे हातोडे आणि पाती लवकर झिजतात. किती तासांनी बदलायची, एका संचाची किंमत किती, चीनहून यायला किती दिवस? कंपनीचा जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाका. नोंदणी कुणाच्या नावावर आहे आणि कधीपासून आहे ते दिसतं. "दहा वर्षांचा अनुभव" सांगणाऱ्याची नोंदणी गेल्या वर्षीची निघाली तर काय ते समजायचं.

क्षमताही बारकाईने वाचा. पत्रकात ताशी १०० किलो लिहिलंय. एका मोबाइलमधला बोर्ड साधारण २५ ग्रॅमचा धरला तर १०० किलो म्हणजे ४००० मोबाइल, तेही एका तासाचे! आपल्या अख्ख्या तालुक्यातले बंद मोबाइल गोळा केले तर मशीन किती दिवस चालेल, तुम्हीच सांगा. शिवाय बोर्ड आत टाकण्याआधी त्यावरचे सेल, कपॅसिटर, रिले असे भाग काढावे लागतात. ते काढणारी मशीन वेगळी, तिची किंमत वेगळी. पत्रकात ती "ऐच्छिक" या सदरात तळाला होती.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कायदा. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम लागू आहेत. बोर्डांवर प्रक्रिया करायची तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे रिसायकलर म्हणून नोंदणी हवी. त्याशिवाय राज्य मंडळाची उभारणीसाठी एक आणि चालवण्यासाठी एक, अशी संमती हवी. पत्रकावर "सरकारमान्य मशीन" असा शिक्का होता. नोंदणी कारखान्याला मिळते, जागेला आणि चालवणाऱ्याला मिळते. मशीनबरोबर ती खोक्यात येत नाही. विनानोंदणी चालवली तर दंड गटाच्या नावावर येईल, विकणाऱ्याच्या नाही.

मग आपल्याला यात काहीच नाही का? आहे, पण माझ्या मते मशीनच्या आधीच्या पायरीवर. पुण्यात कचरावेचकांची स्वतःची स्वच्छ ही सहकारी संस्था आहे. तिच्या सभासद घरोघरचा कचरा गोळा करतात, आणि जुन्या वस्तू, ई-कचरा गोळा करण्याचे उपक्रमही संस्था घेते. बोर्ड न फोडता, न जाळता गोळा करायचे, वजन करून नोंद ठेवायची आणि नोंदणीकृत रिसायकलरला लेखी करार करून द्यायचे, एवढं काम आपल्या गटांना जमण्यासारखं आहे. त्यात नफा कमी आहे हे मान्य. पण कर्जही जवळजवळ नाही, आणि घरात शिसं येत नाही. मशीनचंच ज्यांच्या मनात पक्कं आहे त्यांनी निदान सरकारी प्रयोगशाळेचं मत घ्यावं. सी-मेट ही केंद्र सरकारची संस्था आहे, मुख्यालय पुण्यात, आणि तिच्या हैदराबादच्या केंद्रात ई-कचऱ्यावरच काम चालतं.

एजंटना मी बैठकीनंतर चार गोष्टी लेखी मागितल्या आहेत. आपणच नेलेल्या पन्नास किलो बोर्डांवर आपल्यासमोर चाचणी, चाचणीआधी-नंतर प्रत्येक ढिगाचं वजन, पाण्याचा आणि गाळाचा हिशेब, आणि याआधी मशीन घेतलेल्या दोन गटांचा किंवा कारखान्यांचा पत्ता. तांबं विकत घेण्याचं आश्वासन स्टॅम्प पेपरवर, दर कसा ठरेल ते लिहून, हे त्या ताईंनी वाढवलं. तोपर्यंत कुणीही आगाऊ रक्कम भरू नये, असा ठराव ग्रामसंघांनी इतिवृत्तात घ्यावा. ज्यांनी "नाव राखून ठेवायला" म्हणून काही दिलं असेल त्यांनी पावती घेऊन मला भेटा, लाजू नका.

हे लिहून होईपर्यंत त्यांचं उत्तर आलेलं नाही. आलं तर पुढच्या बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवीन.