गाईचा चारा व दुधातील स्निग्धांश

दूध-संकलन केंद्रावर दुधाचा भाव त्यातील स्निग्धांश व इतर घन पदार्थ पाहून ठरतो. स्निग्धांश कमी भरला की ‘पाणी घातले’ असा आळ घरावर येतो. परंतु दोष पुष्कळदा गव्हाणीतही असतो, हे विद्यार्थ्यांस समजावून द्यावे.

गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील सूक्ष्म जंतू कडब्यातील तंतुमय भाग आंबवितात. त्यापासून अ‍ॅसेटिक आम्ल होते. ते रक्तावाटे कासेत जाते व त्यापासून दुधातील स्निग्धांशाचा बराच भाग बनतो. म्हणून कडबा तोडून भरडा फार वाढविल्यास दूध वाढले तरी स्निग्धांश उतरतो. नुसत्या कोवळ्या हिरव्या चाऱ्यानेही तसेच घडते.

स्निग्धांशाचा रंगही चाऱ्यावर अवलंबून असतो. हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीनमुळे गाईचे लोणी पिवळे होते. फ्रान्समधील आल्प्स पर्वतात उन्हाळ्यात कुरणावर चरणाऱ्या गाईंच्या दुधाचे ‘बोफोर’ चीज पिवळसर असते, तर हिवाळ्यात सुक्या गवतावर पोसलेल्या गाईंच्या दुधाचे फिकट असते.

पाणी मिसळल्यास स्निग्धांश व लॅक्टोमीटरचा अंक दोन्ही उतरतात. वैरण अपुरी असल्यास मुख्यतः स्निग्धांशच उतरतो. लॅक्टोमीटरचा अंक उतरत नाही. हा भेद फळ्यावर मांडून दाखवावा.

कृति : विद्यार्थ्यांनी महिनाभर घरच्या गाईचा रोजचा चारा व केंद्राच्या चिठ्ठीवरील आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावेत, आणि स्निग्धांश उतरला त्या दिवसांपूर्वी वैरणीत काय बदल झाला होता, हे शोधावे.